अ‍ॅटनबरो? म्हणजे नॉटिंगहॅमकडचे!

अ‍ॅटनबरो म्हटलं की दोन माणसं आठवतात. एक गोरिलाच्या शेजारी बसून हलक्या आवाजात बोलणारा, दुसरा ‘गांधी’ काढणारा. डेव्हिड आणि रिचर्ड, दोघे सख्खे भाऊ. तिसरा अ‍ॅटनबरो कोण, असं विचारलं की भलेभले विचारात पडतात. यात त्यांचा दोष नाही. ब्रिटनमध्ये स्मिथ पाच लाखांच्या वर आहेत, कुठेही दगड मारा, एखाद्या स्मिथला लागेल. अ‍ॅटनबरो मात्र हुडकावे लागतात. तरीही आडनावांच्या अभ्यासकांना स्मिथ नको असतो, त्यांना हवा असतो अ‍ॅटनबरो. स्मिथ म्हणजे लोहार आणि लोहार गावोगाव होते, त्यामुळे त्या आडनावाला ना मूळ ना पत्ता. अ‍ॅटनबरोला दोन्ही आहे.

आधी गाव

इंग्लंडच्या मध्यभागी नॉटिंगहॅमशायर परगणा आहे. तिथे ट्रेंट नदीकाठी, नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला अ‍ॅटनबरो नावाचं गाव आहे. ‘बरो’ म्हणजे जुन्या इंग्रजीतला ‘बुर्ह’, तटबंदीची जागा. आणि पुढचा ‘अ‍ॅटन’? तो बहुधा अ‍ॅडा. नाव बाईचं वाटतं, पण हा अँग्लो-सॅक्सन पुरुष. या अ‍ॅडाने पुढे काय दिवे लावले ते इतिहासाला ठाऊक नाही. त्याची गढी होती, एवढ्यावर त्याचं नाव हजार वर्षं टिकलं आणि पुढे अंटार्क्टिकात जाणाऱ्या जहाजावरही चढलं.

गाव लहान, पण त्याने एक जबरदस्त माणूस दिला. हेन्री आयर्टन. १६११ साली इथल्या सेंट मेरी चर्चमध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला. पुढे तो ऑलिव्हर क्रॉमवेलचा सेनापती झाला आणि जावईही. राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या हुकुमावर ज्यांच्या सह्या आहेत त्यांत याची आहे. १६५१ मध्ये तो आयर्लंडमध्ये तापाने वारला. पण राजेशाही परत आल्यावर १६६१ मध्ये त्याचं प्रेत थडग्यातून उकरून काढलं आणि क्रॉमवेलच्या प्रेताशेजारी फासावर लटकवलं. मेलेल्या माणसाला फाशी! सासरा-जावयाची जोडी मरणानंतरही सुटली नाही.

एक मात्र नोंदवायला हवं. अ‍ॅटनबरो गावातल्या या सर्वांत गाजलेल्या माणसाचं आडनाव अ‍ॅटनबरो नव्हतं.

गाव सोडल्याशिवाय आडनाव मिळत नाही

यात नवल काही नाही. कोल्हापुरात राहून कुणी कोल्हापूरकर होत नाही, त्यासाठी कोल्हापूर सोडून सांगलीला किंवा मुंबईला जावं लागतं. इंग्लंडातही नेमका हाच हिशेब. अ‍ॅटनबरोत सगळेच अ‍ॅटनबरोचे, मग त्या नावाने हाक कुणाला मारणार? त्यातला एखादा दोन-चार कोस पलीकडच्या गावी जाऊन राहिला की तिथले लोक म्हणणार, ‘तो बघा, अ‍ॅटनबरोचा.’ म्हणजे गावावरून पडलेलं आडनाव हा मुळात स्थलांतराचा दाखला असतो. फक्त ते स्थलांतर फार लांबचं नसतं. फार लांब गेलात तर गावाचं नाव ऐकलेलाच कुणी भेटत नाही, मग लोक नुसते ‘उत्तरेकडचा’ म्हणून मोकळे होतात.

इंग्लंडात वंशपरंपरेने चालणारी आडनावं १०६६ च्या नॉर्मन स्वारीनंतर हळूहळू आली. आधी जमीनदारांना, मग शहरातल्या पैसेवाल्यांना, शेवटी कुळांना आणि मजुरांना. १४०० च्या सुमाराला बहुतेकांना आडनाव चिकटलेलं होतं. चौदाव्या शतकाच्या अखेरीला राजाने माणशी डोईपट्टी बसवली, तिच्या याद्या आज आडनावांच्या संशोधकांची खाण आहेत. लोकांनी कर चुकवायला काय काय केलं तो वेगळा विषय, १३८१ मध्ये त्यावरून बंडच झालं.

दुसरा पक्ष

अ‍ॅटनबरोची आणखी एक व्युत्पत्ती सांगतात. मध्ययुगीन इंग्रजीत ‘अ‍ॅटन’ म्हणजे ‘अमक्याजवळ’. ‘अ‍ॅटन बरो’ म्हणजे गढीजवळ राहणारा. हे खरं असेल तर गावाचा काही संबंधच उरत नाही. गढ्या देशभर होत्या, त्यांच्याजवळ राहणारेही देशभर. मग एकमेकांशी नातं नसलेले डझनभर अ‍ॅटनबरो ठिकठिकाणी उगवायला हवेत.

ही भांडणं पंडितांनी शंभर वर्षं कागदांवर लढवली असती. निकालाला हातभार लावला तो थुंकीने. पण त्याकडे वळण्याआधी थोडी गंमत.

‘बॉटम’वाले

दुर्मीळ इंग्रजी आडनावांची यादी काढली की इंग्रजी शाळेतली पोरं सगळ्यात आधी ज्यावर फिदीफिदी हसतात ती ही मंडळी : रॅम्सबॉटम, साइडबॉटम, विंटरबॉटम, हिगिनबॉटम आणि या सगळ्यांचा मुकुटमणी शफलबॉटम. हसू नका. ‘बॉटम’ म्हणजे इथे दरीचा तळ, बाकी काही नाही. विंटरबॉटम म्हणजे हिवाळ्यात जनावरं चारायला न्यायची ती दरी. शफलबॉटम लँकशायरमधला, मेंढ्या धुवायच्या ओढ्याजवळची दरी. लाँगबॉटम तर हॅरी पॉटरच्या कृपेने घराघरात पोचलाय. पेनाइन डोंगररांगेच्या दोन्ही अंगांना दऱ्याच दऱ्या, म्हणून ही आडनावं लँकशायर, यॉर्कशायर आणि चेशायरमध्ये दाटीवाटीने सापडतात. सपाट नॉर्फकमध्ये बॉटम कुठून आणणार?

दुसरी जात उच्चाराची परीक्षा घेणारी. फेदरस्टनहॉ हे आडनाव इंग्रजीत सतरा अक्षरांचं, नॉर्दम्बरलँडमधल्या जागेवरून आलेलं. पण ते उच्चारायचं ‘फॅनशॉ’. चेशायरमधलं बारा अक्षरांचं एक उमराव आडनाव दिसताना चोल्मोंडेली दिसतं, म्हणायचं ‘चमली’. बोलणाऱ्यांनी शतकानुशतकं गिळत गिळत उच्चार आखडता घेतला आणि लिहिणाऱ्यांनी मात्र एक अक्षर सोडलं नाही. यामागे चोखंदळपणा कमी आणि बाहेरच्याला ओळखण्याची सोय जास्त, असं माझं मत.

शेतकरी हलत नाही

आडनाव कुठे किती, हे शोधायची पहिली नामी युक्ती हेन्री ब्रूम गपी या गृहस्थांना सुचली. १८९० साली त्यांनी ब्रिटनभरच्या आडनावांची घरं शोधणारं पुस्तक काढलं. शहरांत सगळी सरमिसळ झालेली, तिथे मोजून काय हाती लागणार? गपींनी मोजले फक्त शेतकरी. त्यांचं म्हणणं, जमिनीला धरून बसणारा हा वर्ग कमीत कमी हलतो, तेव्हा आडनावाचं मूळ घर याच्याच बांधावर सापडेल. व्यावसायिकांच्या छापील यादीपुस्तिका घेऊन त्यांनी परगण्यामागून परगणे पालथे घातले. कॉम्प्युटर नसताना हा उद्योग करायचा म्हणजे चिकाटी हवी.

पुढे १८८१ ची जनगणना अक्षरन् अक्षर उतरवून काढली गेली आणि नकाशे काढणं सोपं झालं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या भूगोलतज्ज्ञांनी ती जनगणना आणि १९९८ ची मतदारयादी शेजारी शेजारी ठेवली. मधे रेल्वे पसरली, दोन महायुद्धं झाली, गिरण्या उघडल्या नि बंद पडल्या. तरी असंख्य आडनावं आपल्या जुन्या घराच्या आसपासच आढळली. अ‍ॅटनबरोही त्यातलेच. नॉटिंगहॅमशायर आणि शेजारचा डर्बीशायर हा त्यांचा मुलूख.

गाजलेल्या भावांचं घराणंही याच पट्ट्यातलं. वडील फ्रेडरिक तरुणपणी लाँग ईटन या गावात शिक्षक होते, आणि लाँग ईटन म्हणजे अ‍ॅटनबरो गावाच्या शेजारचं, परगण्याची हद्द ओलांडली की लागणारं. तिथल्याच शाळेच्या मुख्याध्यापकांची मुलगी त्यांनी केली. पुढे फ्रेडरिक केंब्रिजला गेले आणि अभ्यास कशाचा केला? अँग्लो-सॅक्सन काळाचा! सर्वांत जुन्या इंग्लिश राजांचे कायदे त्यांनी संपादित आणि भाषांतरित करून १९२२ मध्ये प्रसिद्ध केले. ज्या भाषेतून आपलं आडनाव आलं त्याच भाषेचा जाणकार, असा योग दर घरात येत नाही.

लंडनचे ‘अंकल’

सगळेच अ‍ॅटनबरो मात्र ट्रेंटकाठी बसून राहिले नाहीत. व्हिक्टोरियन लंडनमध्ये हे आडनाव एका वेगळ्याच धंद्यासाठी प्रसिद्ध होतं. गहाणाची दुकानं. दारावर तीन सोनेरी गोळे लटकवलेले, आत अ‍ॅटनबरो. तिथे गहाणदाराला लाडाने ‘अंकल’ म्हणायची पद्धत होती. ‘घड्याळ कुठे गेलं?’ या प्रश्नाला ‘अंकलकडे आहे’ हे उत्तर कुणालाही समजत असे. फ्लीट स्ट्रीट आणि चान्सरी लेनच्या कोपऱ्यावर तर अ‍ॅटनबरोंचं दागिन्यांचं दुकानही होतं. प्राण्यांचा अ‍ॅटनबरो यायच्या आधी लंडनकरांना कड्या-अंगठ्यांचा अ‍ॅटनबरो ठाऊक होता.

आता थुंकी

आडनाव बापाकडून मुलाकडे जातं. पुरुषाच्या पेशीतलं वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडेच जातं, जवळजवळ जसंच्या तसं. म्हणजे एका आडनावाचा मूळ पुरुष एकच असेल तर आजच्या सगळ्या पुरुषांचं वाय गुणसूत्र सारखं असायला हवं. कल्पना सोपी, पण ती पडताळून पाहायला २००० साल उजाडावं लागलं. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी स्वतःच्याच आडनावाच्या लोकांना पत्रं पाठवली. ४८ साइक्स पुरुषांचे नमुने तपासले. साइक्स म्हणजे ओढ्याकाठचे, आणि ओढे यॉर्कशायरभर. तरी त्यातल्या जवळपास निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकच निघालं.

मग आखाड्यात उतरलं लेस्टर विद्यापीठ. तेच लेस्टर, जिथे १९८४ मध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनएचा ‘ठसा’ सापडला. आणि तेच, ज्याचे आधीच्या कॉलेजच्या काळातले प्राचार्य होते फ्रेडरिक अ‍ॅटनबरो. डेव्हिड आणि रिचर्ड त्याच आवारात वाढले. फ्रेडरिक यांच्या नावाचा अठरा मजली मनोरा तिथे आजही उभा आहे. त्याच विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी चाळीस आडनावांच्या सोळाशेहून अधिक पुरुषांचे नमुने गोळा केले. त्यांचा निष्कर्ष २००९ मध्ये छापून आला. स्मिथांमध्ये कसलीच एकी नव्हती, रस्त्यावरचे कुठलेही दोन इंग्रज पकडावेत तसे ते. आडनाव जितकं दुर्मीळ, तितकी एकी जास्त. आणि अ‍ॅटनबरोंचं काय? तपासलेल्या दर दहांपैकी जवळपास नऊ जणांचं वाय गुणसूत्र एकाच जातकुळीचं!

‘गढीजवळ राहणारे’ देशभर स्वतंत्रपणे अ‍ॅटनबरो झाले, या पक्षाची इथे पंचाईत होते. एक गाव, त्यातून बाहेर पडलेला एक माणूस आणि त्याची सगळी प्रजा, हेच चित्र जास्त जुळतं. पण लगेच टाळ्या नकोत. सुरुवातीला तीन-चार वेगवेगळे अ‍ॅटनबरो असतील, त्यातल्या बाकीच्यांचे वंश खुंटले आणि एकाचाच फोफावला, असंही होऊ शकतं. निकाल मूळ पुरुषाच्या बाजूने झुकतो खरा, शिक्कामोर्तब मात्र होत नाही.

कुजबुजीचा भाग

आता सगळ्यांच्या मनात असलेला प्रश्न. मधल्या पिढ्यांत कुणी ‘इकडे-तिकडे’ केलं असेल तर? लेस्टरच्या मंडळींनी तेही मोजलं. दत्तक, आईचं आडनाव लावणं, लग्नाबाहेरचं मूल, सगळं धरून दर पिढीत पंचविसात एकापेक्षाही कमी. हा आकडा छोटा वाटतो, पण व्याजासारखा चढतो. दर पिढीला शंभरातले चार फुटले तर वीस पिढ्यांनंतर मूळ गुणसूत्राचे जेमतेम ४४ उरतात. शंभरात एकच फुटला तर ८२. दहात नऊ टिकवणारे अ‍ॅटनबरो म्हणजे एक तर फार सचोटीचे, किंवा त्यांचा समाईक पूर्वज आपण धरतो त्याहून अलीकडचा. मला दुसरी शक्यता जास्त पटते, पण पहिली सांगायला बरी.

राजघराण्याची लाज मात्र याच विद्यापीठाने काढली. राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मेला, त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरमधल्या एका वाहनतळाखाली सापडला. ओळख पटवायच्या कामात टुरी किंगच पुढे होत्या. आईकडून येणारा डीएनए चोख जुळला. मग कागदोपत्री त्याच राजवंशाच्या पुरुष शाखेतल्या पाच हयात गृहस्थांचं वाय गुणसूत्र तपासलं. राजाशी एकाचंही जुळलं नाही. वर पाचांतला एक उरलेल्या चौघांशीही जुळेना! म्हणजे वंशावळीत निदान दोन ठिकाणी भगदाड. कुणाच्या काळात पडलं, यावर इंग्रज वर्तमानपत्रांनी आठवडाभर चवीने चर्वण केलं.

याहून भन्नाट गोष्ट २००७ ची. पूर्व यॉर्कशायरमधलं एक दुर्मीळ आडनाव. ते लावणाऱ्या एका गोऱ्या इंग्रजाचं वाय गुणसूत्र निघालं थेट आफ्रिकी, मानवी वंशवृक्षाच्या अगदी जुन्या फांदीचं, जे पश्चिम आफ्रिकेबाहेर जवळजवळ सापडतच नाही. संशोधकांनी त्याच आडनावाचे आणखी पुरुष गाठले. अठरांपैकी सात जणांकडे तेच! वंशावळी मागे नेल्या तर दोन शाखा १७८० च्या दशकातल्या यॉर्कशायरमध्ये जाऊन थांबल्या. म्हणजे त्याच्याही आधी कधीतरी एक आफ्रिकी पुरुष त्या भागात येऊन नांदला होता. रोमन फौजेतून आला की गुलामांच्या व्यापारात, ते गुणसूत्र सांगत नाही. त्या सात जणांना मात्र तोवर आपण अस्सल यॉर्कशायरचे, याबद्दल तिळमात्र शंका नव्हती.

आडनावं मरतात कशी?

फ्रान्सिस गाल्टन या चौकस इंग्रजाने १८७३ मध्ये एका शैक्षणिक मासिकात गणित घातलं : दर पिढीत काहींना मुलगेच होत नाहीत, काहींना एक, काहींना अनेक. तर एखादं आडनाव नामशेष होण्याची शक्यता किती? रेव्हरंड हेन्री वॉटसन यांनी ते सोडवलं आणि उत्तर दिलं की सगळीच आडनावं शेवटी संपणार. उत्तराचा शेवट चुकला होता, पण पद्धत बिनतोड होती. पुढे १९४० च्या दशकात अणुबाँबवर काम करणाऱ्यांना न्यूट्रॉनची साखळी टिकेल की विझेल हे मोजायला हेच गणित उपयोगी पडलं. आडनावाच्या वंशावळीतून अणुबाँब!

वंश खुंटण्याचं सगळ्यात ठळक उदाहरण शेक्सपिअर. त्याचा एकुलता मुलगा हॅम्नेट ११ व्या वर्षी, १५९६ मध्ये गेला. नात एलिझाबेथ १६७० मध्ये वारली आणि त्याचा थेट वंश संपला. आजचे शेक्सपिअर आडनावाचे लोक बाकीच्या शाखांचे.

डायनासोरच्या काळात अ‍ॅटनबरो

अ‍ॅटनबरो आडनावाची मात्र दुसऱ्याच बाजूने भरभराट चालू आहे. डेव्हिड यांच्या सन्मानार्थ नाव दिलेल्या सजीवांची आणि जीवाश्मांची संख्या कधीच चाळीसच्या पार गेली. फिलिपिन्समधली कीटकभक्षी घटपर्णी आहे. न्यू गिनीतला लांब चोचीचा, अंडी घालणारा काटेरी सस्तन प्राणी आहे. त्याचा १९६१ मधला एकच नमुना विज्ञानाकडे होता, आणि २०२३ मध्ये तो जिवंत कॅमेऱ्यात सापडला. लांब मानेचा सागरी सरीसृप ‘अ‍ॅटनबरोसॉरस’ आहे. त्याचा मूळ जीवाश्म दुसऱ्या महायुद्धात ब्रिस्टलवर पडलेल्या बाँबमध्ये नष्ट झाला. साचा आधीच काढून ठेवला होता म्हणून निभावलं.

यातला सर्वांत गमतीचा २०२२ मधला. लेस्टरजवळच्या चार्नवुड जंगलात ५६ कोटी वर्षांपूर्वीचा एक शिकारी प्राणी दगडात सापडला, जेलीफिशचा दूरचा नातलग. त्यालाही डेव्हिड यांचं नाव मिळालं. ते लहानपणी याच भागात जीवाश्म गोळा करत हिंडायचे. या खडकांकडे मात्र फिरकायचे नाहीत, कारण इतक्या जुन्या दगडात जीवाश्म असणं शक्यच नाही, असं तेव्हा सगळे मानत!

जहाजाची कथा जगाला ठाऊकच आहे. ध्रुवीय संशोधनाच्या नव्या ब्रिटिश जहाजासाठी २०१६ मध्ये जनतेकडून नाव मागवलं. जनतेने सव्वा लाखाच्या आसपास मतांनी ‘बोटी मॅकबोटफेस’ निवडलं. सरकारने घाम पुसून ‘सर डेव्हिड अ‍ॅटनबरो’ जाहीर केलं आणि बोटी हे नाव त्यावरच्या छोट्या पाणबुडीला देऊन वेळ मारून नेली.

आणि आपलं काय?

आपल्याशी या आडनावाचा संबंध मोठ्या भावामुळे. सत्यजित राय यांच्या ‘शतरंज के खिलाडी’त जनरल औट्रॅम झाले ते रिचर्डच. ‘गांधी’ १९८२ चा. त्यात कस्तुरबा रोहिणी हट्टंगडी, गोपाळ कृष्ण गोखले डॉ. श्रीराम लागू. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले, आणि वेशभूषेच्या ऑस्करमध्ये जॉन मॉलो यांच्या जोडीला होत्या आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया, ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. त्यांचं माहेरचं आडनाव राजोपाध्ये.

जाता जाता गावाकडे. अ‍ॅटनबरोच्या नदीकाठी १९२९ पासून खडी-वाळू उपसली. खड्डे पाण्याने भरले, पक्षी जमले, आणि तिथे निसर्गराखीव क्षेत्र झालं. १९६६ मध्ये त्याचं उद्घाटन करायला कुणाला बोलवावं हा प्रश्न गावकऱ्यांना पडला नसणार. नॉटिंगहॅमला कधी गेलात तर डर्बीकडे जाणाऱ्या गाडीने मधे उतरा, स्टेशनचं नावही अ‍ॅटनबरोच आहे आणि तळी तिथून चालत जाण्याइतकी जवळ. दुर्बीण बरोबर ठेवा, खंड्या हमखास दिसतो.